काखेत सतत घाम येतो? डिओ बदलून उपयोग का होत नाही, जाणून घ्या

वर्गात पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, बाहेर फारसा उकाडाही नाही, तरी युनिफॉर्मच्या दोन्ही काखांखाली ओली वर्तुळं उमटलेली. मग उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, गॅदरिंगच्या नाचात मागची रांग पकडायची आणि मार्चच्या उन्हातही अंगातलं जॅकेट उतरवायचं नाही. वयात येणारी अनेक मुलं-मुली असे उपाय स्वतःच शोधून काढतात. त्यावर घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो : 'जरा नीट आंघोळ करत जा.'

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या दुखण्यावर दिलेला असतो. घाम किती येणार, हे स्वच्छतेवर ठरत नाही. दिवसातून तीनदा आंघोळ केली, तरी जास्त घाम येणाऱ्याला तो येतोच.

ओल वेगळी, वास वेगळा

माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक पाण्यासारखा पातळ, खारट घाम सोडतात. तो वाळताना शरीर थंड होतं. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात आणि त्या वयात येतानाच कामाला लागतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू हा स्राव फोडतात, तेव्हा वास तयार होतो.

म्हणजे शर्ट भिजणं आणि वास येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एखाद्याचा शर्ट चिंब होतो, पण वास फारसा नसतो. दुसऱ्याचं उलटही असतं. साबण आणि आंघोळीचा उपयोग वासासाठी होतो, ओल थांबवण्यासाठी नाही.

गरजेपेक्षा खूप जास्त घाम येण्याला वैद्यकशास्त्रात 'हायपरहायड्रोसिस' म्हणतात. यात ग्रंथी सहसा नेहमीसारख्याच असतात. त्यांना घाम सोडायला सांगणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश मात्र जास्त असतात. ताण आला की हे संदेश आणखी वाढतात. म्हणूनच 'आता घाम दिसेल' या धास्तीनेच आणखी घाम येतो. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हटल्याने हे चक्र तुटत नाही.

ओळखायचं कसं? सहा महिन्यांहून जास्त काळ, दोन्ही बाजूंना सारखाच, आठवड्यातून किमान एकदा तरी कपडे भिजवणारा घाम, त्याची सुरुवात पंचविशीच्या आत, घरात आणखी कोणाला तोच त्रास आणि झोपेत घाम जवळजवळ बंद. यातल्या बऱ्याच गोष्टी जुळत असतील, तर हाच प्रकार असण्याची शक्यता मोठी.

डिओच्या बाटलीवर काय लिहिलंय?

खरा गोंधळ दुकानात होतो. आपल्याकडे काखेत मारायच्या प्रत्येक बाटलीला 'डिओ'च म्हणतात. पण डिओडरंट फक्त वासावर काम करतं. ते जिवाणू कमी करतं किंवा सुगंधाने वास झाकतं. घाम कमी करायचा असेल तर 'अँटिपर्स्पिरंट' लागतं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. ओल थांबावी म्हणून कोणी महिन्याला नवा बॉडी स्प्रे आणत असेल, तर पैसे वाया जाणारच.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते : अँटिपर्स्पिरंट रात्री लावायचं. झोपेत घाम कमी असल्याने क्षार नलिकेत नीट बसतो. सकाळी घाईत, आंघोळीनंतरच्या ओलसर काखेत लावलं, तर बरंचसं घामाबरोबर वाहून जातं. साध्या रोल-ऑनने भागलं नाही, तर डॉक्टर १० ते २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड असलेलं द्रावण देतात. ते काख पंख्याखाली पूर्ण कोरडी करून लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. ओल्या त्वचेवर त्याचं आम्ल तयार होऊन आग होते. केस काढल्यावर लगेच तर ते लावूच नये. सुरुवातीला रोज रात्री आणि फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

'अ‍ॅल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग होतो' हा मेसेज मात्र वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकेत २००२ मध्ये स्तनाचा कर्करोग असलेल्या ८१३ आणि नसलेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली होती. त्यात असा संबंध आढळला नाही. गंमत म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून सुचवली जाणारी तुरटी हासुद्धा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. तुरटीने वास कमी होतो, पण खूप घाम येणाऱ्याला ती पुरत नाही. लिंबू आणि खाण्याचा सोडा काखेत चोळणं टाळलेलंच बरं. त्याने नाजूक त्वचा सोलवटते.

कपड्यांचं म्हणाल, तर फिकट निळा आणि राखाडी रंग घाम सर्वात जास्त दाखवतात. नेमके हेच रंग अनेक शाळांच्या शर्टांना असतात, तेही टेरिकॉटमध्ये. आतून सुती बनियन घातलं तर बरीच ओल टिपली जाते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तितकाच घाम तिथे जास्त जाणवतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

महिना-दीड महिना नीट वापरूनही फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. घाम कमी करणाऱ्या गोळ्या असतात, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि उन्हात खेळणाऱ्यांचं अंग जास्त तापू शकतं. अमेरिकेत २०१८ मध्ये ग्लायकोपायरोनियम या औषधाने भिजवलेल्या, काखेत फिरवायच्या कापडाला ९ वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो, मात्र २००४ ची तिथली मंजुरी प्रौढांसाठी आहे. मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटचा पर्याय, कारण त्यानंतर पाठ, पोट, मांड्यांना भरपूर घाम येऊ लागल्याच्या तक्रारी बऱ्याच असतात.

घाम झोपेतही अंथरूण भिजवत असेल, एकाच बाजूला येत असेल, सोबत ताप, वजन घटणं किंवा छातीत धडधड असेल, तर थांबू नये. थायरॉइड, मधुमेह किंवा क्षयरोगासारखं कारण तपासावं लागतं. नैराश्यावरच्या काही औषधांनीही घाम वाढतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्रास कधीपासून आहे, झोपेत घाम थांबतो का, घरात आणखी कोणाला आहे आणि कोणती औषधं सुरू आहेत, हे कागदावर लिहून न्यावं. बोलायला संकोच वाटला, तर तो कागदच पुढे करता येतो.