वैनगंगेचे दोन्ही तीर : गडचिरोली-चिमूर मतदारसंघाचा परिचय

विस्ताराने विशाल, परंतु वस्तीने विरळ अशा ज्या मतदारसंघांचा आपल्या राज्यात उल्लेख करावा लागेल, त्यांत गडचिरोली-चिमूर हा लोकसभेचा मतदारसंघ अग्रगण्य होय. २००८ च्या पुनर्रचनेने तो अस्तित्वात आला व अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चिमूर, आणि आरमोरी, गडचिरोली व अहेरी असे सहा विधानसभा विभाग त्यात मोडतात. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत भरली. तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमी अरण्याने व्यापलेली आहे.

या मुलखाचा पूर्वेतिहास तेजस्वी आहे. चांद्याच्या गोंड राजांनंतर येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला व पुढे इंग्रजांचा. त्या परकी सत्तेविरुद्ध बाबूराव शेडमाके यांनी शस्त्र उपसले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जनता उठली. नंतरच्या दडपशाहीत तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला.

धान हे येथील मुख्य पीक. तेंदूपाने व मोहफुले यांवर हजारो कुटुंबांचा उन्हाळा निघतो. आरमोरीकडील ढीवर बांधव ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात व त्यापासून टसर रेशीम निघते. परंतु खरा प्रश्न बांबूचा होता. १९२७ च्या वनकायद्यात बांबूची गणना वृक्षांत होत असल्याने तो सरकारच्या मालकीचा ठरला. कागद गिरण्यांना तो सवलतीने मिळे, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडास वा घर शाकारणाऱ्या आदिवासीस मात्र परवानगीसाठी हात जोडावे लागत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला, व २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. आपल्या रानाचा बांबू गाव स्वतः विकू लागले. कोणत्याही निवडणुकीच्या निकालाहून ही घटना लहान नव्हे.

आज तोच प्रश्न लोहखनिजाच्या रूपाने उभा आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागड पहाडावर २०२१ नंतर उत्खननास वेग आला. रोजगार हवा यात शंका नाही. परंतु डोंगर, देवस्थान व पाणी गमावून तो मिळाला, तर लाभ कोणाचा, असे ग्रामसभांनी विचारणे रास्तच होय.

माओवाद्यांचे बहिष्काराचे आदेश व दुर्गम वाटा असूनही येथील जनता मतदानास चुकत नाही. मतदान पथके कित्येक ठिकाणी हेलिकॉप्टरने न्यावी लागतात. तरीही २०२४ साली येथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. शहरात केंद्र हाकेच्या अंतरावर असूनही घरी बसणाऱ्या आपल्या सुशिक्षित तरुणांनी या अरण्यवासी मतदाराकडून धडा घ्यावा. मत देणे हे नागरिकत्वाचे पहिले पाऊल. ग्रामसभेत बसून हिशेब विचारणे हे दुसरे. हे दुसरे पाऊल मेंढ्याने टाकून दाखविले आहे.