तटावाचून आलेले रोम

इंग्लंडच्या उत्तर भागात विंडरमियर सरोवराच्या काठी अँबलसाइड हे गाव आहे. तेथे रोमन सैन्याच्या किल्ल्याचे अवशेष पाहावयास मिळतात. कोठारे, कचेरी आणि वेशी यांचे दगडी पाये तेवढे उरले आहेत. जवळच १९६२ साली सापडलेल्या एका थडग्याच्या शिळेवर पस्तीस वर्षांच्या लष्करी लेखनिकाची नोंद आहे : शत्रूने त्याला किल्ल्याच्या आतच ठार केले. रोम जेथे तलवार घेऊन गेले, तेथे त्याने अशा खुणा मागे ठेवल्या.

रोमचा संबंध आपल्या मराठवाड्याशीही आला. पण त्याची तऱ्हा निराळी होती. चिकलठाण्याहून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदाकाठी पैठण आहे. शेजारचा विस्तीर्ण नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाचे काम १९६५ साली सुरू झाले आणि १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले. जलाशय कालचा, नगर मात्र सातवाहनांच्या राजधानीचे. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अनामिक कर्ता लिहितो, की भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणचे रंगीत मौल्यवान दगड आणि तेरचे कापड बैलगाड्यांतून, अवघड वाटांनी भडोच बंदरात जाई. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी खर्ची पडतात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात नोंदविली आहे.

या देवघेवीचा बोलका पुरावा इटलीत मिळाला. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. आपल्या कारागिरांचा हात समुद्रापलीकडे पोहोचला होता, तो कोणत्याही सैन्याच्या साहाय्यावाचून.

परंतु वाचकहो, येथेच एक धोका आहे. किल्ल्याचा दगडी पाया डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याभोवती कुंपण पडते. व्यापाराच्या खुणा म्हणजे मणी, खापरे, मृण्मूर्ती. त्या पांढरीच्या टेकाडात विखुरलेल्या असतात. ही पांढरी माती घराच्या धाब्यासाठी उकरून नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मातीबरोबर इतिहासही पाटीत भरला जातो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावात सापडणाऱ्या अशा वस्तू चिकाटीने जमविल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे. ज्या इतिहासाला तट नाही, त्याची राखण अशा जागरूक गावकऱ्यांनाच करावी लागते. पांढरीवर फावडे मारण्यापूर्वी क्षणभर खाली वाकून पाहणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.