दुय्यम खुर्चीचा हक्क

बारामती-इंदापूरच्या मुलखात ‘उप’ या दोन अक्षरांचे अप्रूप मोठे. वालचंदनगरच्या कामगार वसाहतीपासून बारामतीपर्यंत उपसरपंच, उपसभापती, उपमुख्यमंत्री हे शब्द सर्वांच्या तोंडी. बारामतीच्या अजित पवारांनी 2010 ते 2024 या काळात सहा वेळा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. इथले विद्यार्थी मला विचारतात, आपल्या माणसाला ‘उप’ केले म्हणजे आपल्याला सत्ता मिळाली का? उत्तरासाठी मी अमेरिकेचे उपाध्यक्षपद तपासतो.

तेथील उपाध्यक्षाला एरवी काम थोडे. तो सिनेटचा अध्यक्ष. पण मत देतो ते समसमान मते पडली तरच. मात्र अध्यक्ष मेला, त्याने राजीनामा दिला किंवा तो पदच्युत झाला, की उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष होतो. 1841 साली जॉन टायलरने हा पायंडा पाडला. 1967 च्या 25 व्या घटनादुरुस्तीने तो लेखी झाला. म्हणून पात्रताही अध्यक्षाचीच: जन्माने नागरिक, वय किमान 35, देशात 14 वर्षे वास्तव्य.

या तरतुदीचे मोल तेथील काळ्या माणसाने दोनदा अनुभवले. 1865 साली लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. त्याने मुक्त गुलामांच्या हाती येऊ लागलेली जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देवविली, 1866 च्या नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरला. 1963 साली केनेडीच्या खुनानंतर आलेल्या लिंडन जॉन्सनने मात्र 1964 चा नागरी हक्क कायदा केला. खुर्ची तीच, वाट तीच; माणूस कोणाच्या बाजूचा, एवढाच फरक.

आपल्याकडे काय? अमेरिकेचा अध्यक्ष राज्य चालवतो. आपला राष्ट्रपती नावाने त्याच्यासारखा असला तरी स्थानाने इंग्लंडच्या राजासारखा आहे, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. आपला उपराष्ट्रपती राज्यसभेचा सभापती असतो; पण राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर निवडणूक होईपर्यंत फक्त कारभार पाहतो. 1969 साली झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरींनी तो पाहिला. के. आर. नारायणन 1992 साली उपराष्ट्रपती झाले आणि 1997 साली राष्ट्रपती. पण दुसरी पायरी त्यांना नव्याने निवडणूक लढवूनच चढावी लागली.

उपपंतप्रधान, उपमुख्यमंत्री ही पदे तर घटनेत नाहीतच. 1990 साली देवीलाल यांच्या शपथेच्या प्रकरणात आणि पुन्हा 2024 साली उपमुख्यमंत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: असा माणूस कायद्याने फक्त मंत्री. जगजीवनराम जानेवारी 1979 मध्ये उपपंतप्रधान झाले. जुलैत मोरारजी पायउतार झाले, तरी त्या पदामुळे जगजीवनरामांना वरच्या खुर्चीवर कसलाही हक्क पोचला नाही. ऑगस्टमध्ये चरणसिंग यांनी राजीनामा दिल्यावर जनता पक्षाचे नेते म्हणून त्यांनी दावा केला. राष्ट्रपतींनी त्यांना पाचारण न करता लोकसभाच विसर्जित केली. एक दलित पंतप्रधान होण्याची वेळ दाराशी येऊन परत गेली. महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे यांचे पदही 1978 साली चार-साडेचार महिन्यांतच, शरद पवार बाहेर पडताच, सरकारबरोबर गेले.

सर्वांत खालची पायरी ग्रामपंचायतीची. 73 व्या घटनादुरुस्तीने, 1993 पासून, सरपंचपदे अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांसाठी राखीव झाली. कलम 243-ड मध्ये आरक्षण आहे ते सदस्यांच्या जागांना आणि अध्यक्षपदांना. उपाध्यक्षपदाचा तेथे उल्लेख नाही. उपसरपंच सदस्यांतून निवडला जातो आणि सरपंचाच्या गैरहजेरीत कारभार पाहतो. म्हणजे गावच्या प्रस्थापितांना वाट मोकळी राहते: सरपंच बाई राखीव जागेची, उपसरपंच बहुमतवाल्यांचा. बाईवर अविश्वास आणा, नाहीतर तिला बैठकीला येऊच देऊ नका. कारभार आपसूक ‘उप’कडे येतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पदाच्या नावाला भुलू नये. वरची खुर्ची रिकामी झाल्यावर ती हक्काने आपल्याकडे येते की कोणाच्या मर्जीने, एवढेच विचारावे. दिल्ली-मुंबईत आपल्या माणसाला दिलेले ‘उप’पद बहुधा मर्जीचे असते, आणि गावात जे ‘उप’पद खरोखर हक्काचे आहे, ते आपण मोजतही नाही. राखीव सरपंचपदाइतकीच झुंज उपसरपंचपदासाठीही दिली पाहिजे.