झरीच्या सुताराचें चाक

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी नांवाचें गांव आहे. तेथील आमच्या आजोळच्या वाड्यांत, गोठ्यामागील पडवींत, एक टांगा कित्येक वर्षें पडून होता. निजामी अमदानींत आजोबांना परभणीच्या स्टेशनावर पोंचविण्याचें काम तो करी. आमच्या लहानपणीं मात्र त्याच्या छतावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असत आणि बैठकीखालीं कोंबड्या अंडीं घालीत. गेल्या वर्षीं वाड्याची वांटणी झाली. भांड्याकुंड्यांपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सर्व कांहीं कोणाच्या ना कोणाच्या वांट्याला गेलें. टांगा तेवढा कोणीं मागितला नाहीं. हमरस्त्यावरील एका उपाहारगृहाचे मालक तो दाराशीं शोभेसाठीं न्यावयास तयार होते. मामांनीं मला विचारलें, “तू इतिहासाचा माणूस, तूच सांग, याचं काय करायचं?”

मीं तो दुरुस्त करून घेण्याचें ठरविलें, आणि मग ध्यानांत आलें कीं, ‘दुरुस्त करणें’ या साध्या शब्दाचा अर्थच मला नीट ठाऊक नव्हता. माझे एक स्नेही वस्तुसंग्रहालयांत काम करतात. त्यांनीं बजावलें कीं, जुन्या लांकडास शक्यतों हात लावूं नये. कीड मारावी, धूळ झाडावी, जें ढिलें झालें असेल त्यास आधार द्यावा, आणि नवा भाग घालावाच लागला तर तो नवा आहे हें पाहणारास ओळखूं यावें असा घालावा. झरीच्या सुतारांनीं टांग्याभोंवतीं एक फेरी मारली, डाव्या चाकाच्या तुंब्याला पडलेल्या भेगेंत बोट घातलें, तें पेरभर आंत गेलें, आणि ते म्हणाले, “सर, हे चाक संपलं. दुसरं करावं लागंल.” या दोन सल्ल्यांपैकीं इतिहासाला अधिक धरून कोणता, याचा विचार करतां करतां मी बराच मागें गेलों.

आपल्या देशांत गाडी फार जुनी आहे. गोदावरीच्याच खोऱ्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूचीं चार मोठीं शिल्पें सांपडलीं. त्यांतील एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ असून त्यावर सारथी उभा आहे. या शिल्पांच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण त्या रथाचीं चाकें भरीव आहेत, हें कोणालाही डोळ्यांनीं दिसतें. भरीव चाक ओंडका कापून किंवा फळ्या जोडून होतें. आऱ्यांच्या चाकाची गोष्ट निराळी. त्यांत लांकूड थोडें आणि मोकळी जागा फार, आणि सारा भार त्या मोकळ्या जागेच्या कडांवर तोललेला. वैदिक ऋषींना या कौशल्याचें एवढें अप्रूप वाटे कीं, अश्विनीकुमारांचा रथ घडविणारे ऋभु मूळचे मर्त्य असूनही कारागिरीच्या बळावर देवपदास गेले, असें त्यांनीं मानलें. रथकाराला अग्न्याधानाचा अधिकार असून त्याचा ऋतु वर्षा, असेंही ब्राह्मणग्रंथांत सांगितलें आहे. पुढें मीमांसकांना कोडें पडलें: हा रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही त्रैवर्णिक, कीं त्या नांवाची एक स्वतंत्र जाति? जैमिनीच्या सहाव्या अध्यायांतील रथकाराधिकरणाचा निर्णय असा कीं, जातिच. कारण शब्दाची रूढि ही व्युत्पत्तीहून बलवान् असते. न्याय म्हणून हा निर्णय उत्तम असेल. परंतु ज्या दिवशीं रथकार म्हणजे रथ करणारा असें न राहतां रथकारांच्या घरीं जन्मलेला असें झालें, त्या दिवशीं एका विद्येभोंवतीं कुंपण पडलें, असें मला वाटतें. कुंपणानें विद्या राखली, हें खरें. कुंपणांतलीं माणसें दुसऱ्या धंद्याला लागलीं कीं ती विद्या विचारावयास बाहेर कोणी राहत नाहीं, हेंही खरें.

एवढा प्राचीन वारसा असतां दख्खनच्या खेड्यांतून आऱ्यांची हलकी गाडी सर्रास केव्हां दिसूं लागली, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पुणें-सोलापूर भागांतील माल मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. गाड्या होत्या, पण थोड्या. भरीव चाकांच्या, बोजड, शेताच्या बांधापासून खळ्यापर्यंतच्या कामाच्या. १८३० सालीं बोरघाटांतून चाकांची वाट खुली झाली. त्यानंतर १८३६ च्या सुमारास, इंदापूरकडे जमिनीची नवी पाहणी चालू असतां, लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखालीं सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें गाड्यांचा एक कारखाना निघाला. एका बैलजोडीला ओढतां येईल अशी हलकी व स्वस्त गाडी तेथें सिद्ध झाली, आणि तिचा धडा त्या भागांतील सुतारांनीं गिरविला. दिवाणखान्यांत पितळी प्रतिकृति मांडून जिला आपण पुराणकाळापासून चालत आलेली म्हणतों, त्या गाडीची ही त्या मुलखांतील जन्मकथा आहे. तिला अजून दोनशें वर्षेंही झालेलीं नाहींत. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कारखान्यांतून निघालेली वस्तु दोन पिढ्यांत आपल्या गांवची होऊन गेली, याचें श्रेय मी गेसफर्डापेक्षां गांवच्या सुताराला अधिक देतों. ती त्याला आपल्या वाकसानें करतां आली नसती, तर टेंभुर्णीचा कारखाना हा सरकारी दप्तरांतला एक कागद होऊन राहिला असता.

घोड्याची गाडी तर बैलाच्या गाडीहून रस्त्याची अधिक मिंधी. बैल चिखलांतून वाट काढतो. टांग्याच्या घोड्याला खडी हवी. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यांत चाकाला अशी धरते कीं, आरे दिसेनासे होतात. म्हणून मोठ्या घराण्यांतूनही बायकामुलांसाठीं धमणी असे ती बैलांची. मराठवाड्यांत घोडे नव्हते असें नाहीं. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आजही घोड्यांचा बाजार भरतो. पण तो घोडा मुख्यतः बसावयाचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरून गेला. स्टेशन झालें, स्टेशनाचा रस्ता झाला, आणि त्या रस्त्याला टांगा शोभूं लागला. आगगाडीनें घोडागाडी मारली, असें आम्ही वर्गांत शिकवितों. तें लांबच्या टप्प्यांविषयीं खरें असेल. लहान गांवांत घोडागाडीला काम दिलें तें आगगाडीनेंच. तिला मारली ती मोटारीनें.

त्रिंबक नारायण अत्रे यांनीं १९१५ सालीं खेड्याच्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलें, त्यालाही ‘गांवगाडा’ हेंच नांव सुचलें. बारा बलुतेदारांत सुतार व लोहार हे थोरल्या कासेंतले, कारण नांगर आणि गाडा या दोघांवांचून उभा राहत नाहीं. वर्षाला सुगीच्या वेळीं खळ्यावरून धान्य, आणि त्याच्या बदल्यांत औताची व गाडीची दुरुस्ती, असा तो व्यवहार. त्यांत सुताराची किती पिळवणूक होई हें आपण विसरूं नये. पण दर वर्षीं दुरुस्तीचें काम ठरलेलें असल्यामुळें हाताला गंज चढत नसे, एवढी एक गोष्ट त्यांत होती.

आतां ती राहिली नाहीं. आमच्या सुतारांनीं शेवटचें लांकडी चाक केलें त्याला वीस वर्षें होऊन गेलीं. त्यानंतर रबरी चाकांची गाडी आली. लोक तिला कंपनीच्या नांवानें ‘डनलॉप’ म्हणत. मग ट्रॅक्टर आला. त्यांचा मुलगा चौकटी आणि प्लायवुडचीं कपाटें करतो, आणि चांगलीं करतो. आमचें काम हातीं घेतांना तो म्हणाला, “बाबांनाच येतं हे. मी फक्त धरू लागेन.”

बाभळीचा एक ओंडका त्यांच्याजवळ होता. तळ्याच्या पाण्यांत मुरवून सावलींत वाळविलेला. कशासाठीं ठेवला होता, असें विचारतां ते म्हणाले, “असावा म्हणून.” त्यांतून तुंबा निघाला. टांग्याच्या चाकाला चौदा आरे. बाहेर सात पुठ्ठे, प्रत्येकांत दोन आरे बसावयाचे. तुंब्याला आऱ्यांचीं घरें पाडतांना पटाशी सरळ धरीत नाहींत, किंचित् कलती धरतात. त्यामुळें आरे तुंब्यापासून बाहेर झुकतात आणि चाक उथळ परातीसारखें दिसतें. मला तो वयाचा दोष वाटला होता. वस्तुतः घोडा दौडतांना गाडी डावी-उजवीकडे हिसके देते, त्यांना तोंड देण्यासाठीं ती परात असते. कल किती, हें सुतारांनीं कागदावर काढलें नाहीं. जुन्या चाकावर एक काठी आडवी धरून तिला दोन खुणा केल्या, आणि ती काठी महिनाभर कानाशीं पेन्सिल ठेवावी तशी जवळ बाळगली. आरे ठोकून झाल्यावर प्रत्येकावर हातोडीचा एक हलका टोला देऊन ते ऐकत. तेरा आऱ्यांचा आवाज एक, चौदाव्याचा जरा बद्द. मला फरक कळला नाहीं. त्यांनीं तो आरा काढून पुन्हां तासला.

धाव चढविण्यासाठीं शेजारच्या गांवाहून लोहार आणावा लागला. जुनीच धाव घ्यावयाची होती. ती कापून, झिजलेला तुकडा काढून पुन्हां सांधली. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारें १५१ इंच. लोखंड पांचशें अंशांनीं तापलें कीं, तेवढ्या लांबींत जेमतेम पाऊण ते एक इंच वाढ होते. लोहाराला सवड काय ती एवढीच. धाव थंड असतां चाकाहून अर्ध्या-पाऊण इंचानें अपुरी हवी. अधिक अपुरी झाली तर आरे वांकतील, कमी झाली तर वैशाखांत लांकूड आटलें कीं ती रस्त्यांत निघून पडेल. गोवऱ्यांचें कडें रचून त्यांत ती तापविली. तिघांनीं चिमट्यांनीं उचलून चाकावर टाकली, घणाचे चार घाव बसले, पुठ्ठ्यांनीं पेट घेतला, आणि पाण्याच्या घागरी पडल्या. वाफेंत कांहीं दिसेना. पण सांधे मिटतांनाचा करकर आवाज आला. सुतार पाठमोरे उभे होते. तो आवाज थांबल्यावर ते वळले.

हें पाहतांना मला मिलिंद राजाची आठवण झाली. नागसेन स्थविरानें त्याला विचारलें होतें कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे आस काय, चाकें काय, कीं जूं? राजाला यांपैकीं कशालाही होय म्हणतां आलें नाहीं. आमच्या टांग्याचें डावें चाक आतां असें आहे कीं, त्याचें लांकूड नवें, धाव जुनी आणि परातीचा कल त्याहून जुना. पुरीच्या जगन्नाथाचे तीन रथ तर दर वर्षीं अक्षय्य तृतीयेला आरंभ करून नवे बांधतात. सोळा, चौदा आणि बारा चाकांचे. त्यांतला कोणताही रथ एक वर्षापेक्षां जुना नसतो, आणि तेथील महारणांची विद्या मात्र पिढ्यांमागून पिढ्या चालत आली आहे. उलटपक्षीं आमच्या जुन्या राजधानींत, हैदराबादेस, चौमहल्ला राजवाड्याचा जीर्णोद्धार फार उत्तम झाला. २०१० सालीं त्याला युनेस्कोचें पारितोषिकही मिळालें. तेथील बग्ग्या पाहून डोळे निवतात. परंतु त्यांतील एकादीचा तुंबा फुटला तर तो करणारा कोठून आणावयाचा, हा प्रश्न मला तेथें उभा असतां पडला.

माझ्या स्नेह्यांचें म्हणणें मी टाकाऊ समजत नाहीं. राजाच्या बग्गीवरील मूळचा रंग एकदां खरवडला कीं गेला; कोणताही कारागीर तो परत आणूं शकत नाहीं. जेथें वस्तु एकमेव आहे तेथें त्यांचाच नियम पाळावा. पण टांगा ही तशी वस्तु नव्हे. तो हजारोंनीं होता आणि दुरुस्त होत होतच चालत होता. त्याला नवें लांकूड घालणें म्हणजे त्याच्या इतिहासांत ढवळाढवळ करणें नव्हे. तो इतिहास पुढें चालविणें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांची गत पाहा. घोड्यांचे हाल पाहून उच्च न्यायालयानें २०१५ सालीं त्या बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. २०२१ सालीं त्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. आकार राहिला, जनावर सुटलें. मात्र या आकाराला तुंबा, आरे, पुठ्ठे ठाऊक असणारा माणूस लागत नाहीं.

उजवें चाक आम्हीं स्नेह्यांच्या मतानें राखलें. एक आरा बदलला, बाकीचें जसेंच्या तसें. डाव्या तुंब्याच्या आंतल्या अंगाला सुतारांच्या मुलानें पटाशीनें साल कोरलें, म्हणजे नव्याला कोणी जुनें समजूं नये. घोडा नाहीं, आणि आणण्याचा विचारही नाहीं. गाडी जोडून झाली त्या दिवशीं मामांच्या नातवंडांनीं दांड्या धरून ती मारुतीच्या पारापर्यंत ओढीत नेली आणि परत आणली. सुतार मागून चालत होते. नजर डाव्या चाकावर.

जुना तुंबा त्यांनीं माझ्याकडून मागून घेतला. मापासाठीं, म्हणाले. ओंडका होता त्या कोपऱ्यांत तो आतां ठेवलेला आहे, आणि ती खुणांची काठी त्याच्या भोकांत उभी खोंचलेली आहे.