घरचे लिंबू-सोडा आइस्क्रीम (न घुसळता): कृती, साखरेचा हिशेब आणि कोणी जपून खावे

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, घरी केलेलं आइस्क्रीम चालेल ना?" घरचे म्हणजे चांगलेच, असा त्यामागचा विश्वास असतो. तो बराचसा खरा आहे, पण पूर्ण नाही. घरच्या आइस्क्रीममध्ये काय घातले हे तुम्हाला माहीत असते, हा मोठा फायदा. मात्र साखर घरात घातली म्हणून कमी होत नाही आणि जंतू फ्रीजरमध्ये ठेवले म्हणून मरत नाहीत.

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात या पदार्थाचे सगळे सामान जवळपासच मिळते. संगमनेर, राहुरी, अकोले या तालुक्यांत दुधाचा मोठा व्यवसाय आहे. श्रीगोंद्याचे लिंबू प्रसिद्ध आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई शरबती' ही लिंबाची जात दिली. आणि साखरेबद्दल तर बोलायलाच नको. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा जिल्हा हा. या लेखात कृती दिली आहे, तिच्यातील साखरेचा हिशेब मांडला आहे आणि घरातील कोणत्या रुग्णाने किती खावे हेही सांगितले आहे.

न घुसळता आइस्क्रीम कसे होते?

पूर्वी लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि खडे मीठ भरून हँडल फिरवत बसावे लागे. फिरवल्यामुळे दोन गोष्टी होत : मिश्रणात हवा जाई आणि बर्फाचे मोठे खडे बनत नसत. न घुसळण्याच्या पद्धतीत हवा आधीच फेटलेल्या क्रीममधून येते. कंडेन्स्ड मिल्कमधील भरपूर साखर मिश्रणाचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून ते दगडासारखे घट्ट होत नाही. म्हणजे या आइस्क्रीमचा मऊपणा साखर आणि स्निग्धांश या दोघांवरच उभा आहे. साखर एकदम काढून टाकली तर हाती बर्फाची लादी येते.

आधी एक महत्त्वाची सूचना : कोणता सोडा?

आपल्याकडे 'सोडा' हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात.

- बाटलीतील सोडा : लिंबू सोडा, जिरा सोडा, ऑरेंज इत्यादी. या कृतीत हाच वापरायचा आहे.
- खाण्याचा सोडा : भजी, ढोकळ्यात घालतात ती पांढरी पूड. ती या आइस्क्रीममध्ये घालायची नाही. त्यात सोडियम भरपूर असते.
- धुण्याचा सोडा : हा पोटात गेल्यास तोंड, घसा आणि अन्ननलिका भाजू शकते. तो स्वयंपाकघरात, बिननावाच्या डब्यात कधीही ठेवू नका. चुकून कोणी खाल्ल्यास उलटी करवू नका. तोंड पाण्याने खळखळून धुवा आणि पाकीट सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा.

साहित्य (८ लहान वाट्या)

- साखरेचा लिंबू सोडा : ३०० मिली
- कंडेन्स्ड मिल्क : २०० ग्रॅम (अर्धा डबा)
- फेटण्याचे दुधाचे क्रीम, सुमारे ३५ टक्के स्निग्धांशाचे : २०० मिली
- लिंबाचा रस : २ लहान चमचे
- एका लिंबाची किसलेली हिरवी साल (पांढरा भाग कडू लागतो, तो घेऊ नका)
- आवडत असल्यास भाजलेल्या जिऱ्याची पूड : पाव चमचा

बाजारात मिळणाऱ्या साध्या 'फ्रेश क्रीम'मध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो. ते फेटून नीट फुगत नाही. केकवर लावतात ती 'व्हिप टॉपिंग' बहुतेक वेळा वनस्पती तेलाची आणि आधीच गोड केलेली असते. ती घेणार असाल तर लेबल वाचा.

कृती

१. सोडा पातेल्यात ओतून मंद आचेवर आटवा. ३०० मिलीचे साधारण ६० मिली (चार मोठे चमचे) राहिले की गॅस बंद करा. हा पाक पूर्ण गार होऊ द्या, मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सोडा न आटवता घातला तर त्यातील पाण्याचे बर्फाचे खडे होतात. बुडबुडे मात्र आटवताना उडून जातात; आइस्क्रीममध्ये चव उतरते, फसफस उतरत नाही.

२. क्रीम, भांडे आणि बीटर तिन्ही गार करून घ्या. क्रीम फेटा. बीटर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहिला की थांबा. जास्त फेटल्यास लोणी सुटते.

३. दुसऱ्या भांड्यात कंडेन्स्ड मिल्क, गार पाक, लिंबाचा रस, साल आणि जिरेपूड एकत्र करा. आंबटपणामुळे मिश्रण थोडे दाट होईल. ते नासले असे समजू नका. पाक गरम असताना मात्र दूध फाटू शकते, म्हणून घाई करू नका.

४. फेटलेले क्रीम तीन वेळा थोडे थोडे घालून हलक्या हाताने कालवा.

५. स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डब्यात भरून ६ ते ८ तास फ्रीजरमध्ये ठेवा.

साखरेचा हिशेब

सोडा आटवला की पाणी जाते, साखर तितकीच राहते. साखरेच्या सोड्यात १०० मिलीमागे साधारण ८ ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीमध्ये सुमारे ३० ग्रॅम. २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये वरून घातलेली साखर सुमारे ८५ ते ९० ग्रॅम असते. दोन्ही मिळून साधारण १२० ग्रॅम झाले. आठ वाट्या केल्या तर एका वाटीत सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर. दुधातील नैसर्गिक शर्करा याशिवाय. एका वाटीत सुमारे ११ ग्रॅम स्निग्धांश आणि १८० ते १९० कॅलरी येतात. आकडे अंदाजे आहेत. तुमच्या डब्यावरील लेबलप्रमाणे थोडे बदलतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत आणता आली तर अधिक चांगले. एका लहान वाटीने यातील निम्म्याहून अधिक वाटा संपतो. चहातील साखर अजून मोजलेलीच नाही.

कमी साखरेचा पर्याय

सोड्याची चव म्हणजे मुख्यतः आंबटपणा, लिंबाच्या सालीचा वास आणि जिरे. यासाठी बाटली लागतेच असे नाही. २५० ग्रॅम चक्का, १०० मिली फेटलेले क्रीम, ५० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे लिंबाचा रस, किसलेली साल आणि जिरेपूड एकत्र करून गोठवा. याच्या सहा वाट्या होतात आणि एका वाटीत सुमारे ८ ग्रॅम घातलेली साखर येते. साखर कमी असल्याने ते अधिक घट्ट होते, म्हणून खाण्याआधी डबा १० ते १५ मिनिटे फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा.

'डाएट' सोडा आटवून वापरण्यात अर्थ नाही. त्यातील अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

कोणी काय काळजी घ्यावी?

मधुमेह : साखर नियंत्रणात असेल तर कधीतरी अर्धी वाटी, जेवणातील भात किंवा पोळी तेवढी कमी करून, खाता येते. रिकाम्या पोटी किंवा रात्री उशिरा खाऊ नका. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी तपासा, म्हणजे तुमच्या शरीराचा प्रतिसाद तुम्हालाच कळेल.

याच्या उलट प्रसंगही लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर अचानक कमी झाली (घाम, थरथर, गोंधळ) तर आइस्क्रीम देऊ नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. १०८ वर फोन करा.

मूत्रपिंडाचा आजार : दुधात फॉस्फरस आणि पोटॅशियम असते. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, म्हणून कोलाची चव टाळा. डायलिसिसवर असाल आणि पाणी मोजून घेत असाल, तर आइस्क्रीम वितळल्यावर पाणीच होते. ते त्या दिवसाच्या मापात धरा.

रक्तदाब, हृदयविकार : जिरा सोडा आणि काळे मीठ यांत सोडियम असते. काळे मीठ हे 'औषधी' म्हणून कितीही चालते, हा समज चुकीचा आहे.

आम्लपित्त : स्निग्ध, थंड आणि आंबट यांचे हे मिश्रण काहींना छातीत जळजळ देते. झोपण्याआधी तीन तास खाऊ नका.

दूध न पचणे आणि दुधाची अ‍ॅलर्जी : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध न पचणाऱ्यांना पोटफुगी आणि जुलाब होतात. ते थोडे खाऊन पाहू शकतात. अ‍ॅलर्जी असलेल्याला एक चमचाही धोकादायक ठरू शकतो.

लहान मुले : दोन वर्षांखालील मुलांना साखर घातलेले पदार्थ देऊ नयेत. एनर्जी ड्रिंक वापरून केलेले आइस्क्रीम कोणत्याही वयाच्या मुलाला देऊ नका, कारण आटवताना त्यातील कॅफिन निघून जात नाही.

टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर : थंड आइस्क्रीम घशाला आराम देते, पण लिंबू घातलेले झोंबते. साधे, मऊ आइस्क्रीम द्या.

जुलाब झालेले असताना : सोडा किंवा सोड्याचे आइस्क्रीम हा ओआरएसचा पर्याय नाही. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

औषधे : थायरॉइडची गोळी आणि दुधाचा पदार्थ यांत चार तासांचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांचे शोषणही दुधामुळे कमी होते. किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा.

दूध कच्चे नको

ज्या घरी गोठा आहे तिथे 'आमचे दूध ताजे आहे, उकळायची गरज नाही' असे ऐकायला मिळते. जनावर निरोगी दिसत असले तरी कच्च्या दुधातून आणि कच्च्या दुधाच्या सायीतून ब्रुसेलोसिस व क्षयरोग होऊ शकतो. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरतात असे नाही. घरचे क्रीम वापरायचे असेल तर आधी दूध चांगले उकळा, गार करा आणि मग साय काढा. गर्भवती, वृद्ध, केमोथेरपी घेणारे आणि लहान मुले यांच्यासाठी तर पाश्चराइज्ड क्रीमच घ्या. काही कृतींत कच्चे अंडे असते, तेही टाळा.

बरेच दिवस येणारा-जाणारा ताप, रात्री घाम आणि सांधे किंवा कंबर दुखणे अशी तक्रार असेल, तर कच्चे दूध पिता किंवा जनावरांची निगा राखता, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. या एका माहितीने निदान लवकर होते.

वीज गेली तर?

फ्रीजर उघडू नका. आइस्क्रीम कडेने थोडे मऊ झाले पण मध्ये बर्फासारखे घट्ट असेल तर ते पुन्हा गोठवता येते, पोत मात्र बिघडतो. पूर्ण पातळ होऊन दोन तासांहून अधिक काळ राहिले असेल (कडक उन्हाळ्यात एक तास) तर टाकून द्या. घरचे आइस्क्रीम दोन आठवड्यांत संपवा आणि डब्यात उष्टा चमचा घालू नका.

हे कधीही करू नका

- सोड्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवणे : गोठताना पाणी प्रसरण पावते आणि वायूचा दाबही वाढतो. काचेची बाटली, विशेषतः गोटी सोड्याची, फुटून डोळ्याला इजा होऊ शकते. फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.
- फसफस आणण्यासाठी ड्राय आइस घालणे : हा उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात माउथ फ्रेशनर समजून तो तोंडात घातल्याने काही ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. बंद डब्यात ठेवल्यास डबा फुटतो.

नेहमीचे प्रश्न

आइस्क्रीमने सर्दी होते का? सर्दी विषाणूंमुळे होते, थंड पदार्थाने नाही. दमा असलेल्या काहींना मात्र थंड खाल्ल्यावर खोकला येतो. त्यांनी आपला अनुभव पाहून ठरवावे.

'फ्रोझन डेझर्ट' आणि आइस्क्रीम एकच का? नाही. आपल्या देशातील नियमांनुसार आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश असतो, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल किंवा चरबी वापरता येते. पाकिटावर ते लिहिलेले असते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- जुलाबात रक्त किंवा १०२ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप
- सतत उलट्या; पाणीही पोटात न टिकणे
- लहान मुलाला सहा ते आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे
- गर्भवतीला खाल्ल्यानंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत ताप येणे
- ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास घ्यायला त्रास : वाट न पाहता १०८ वर फोन करा

घरात मधुमेहाचे आजोबा आणि सुट्टीला आलेली नातवंडे एकत्र असतील, तर दोन डबे करा : एक सोड्याच्या पाकाचा, एक चक्क्याचा. डब्यावर नाव आणि तारीख लिहा आणि दोन्ही लहान वाटीतच वाढा. आजोबांनाही सगळ्यांबरोबर बसून खाता येईल.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजारानुसार आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*