‘व’ ह्या अक्षराचा निवाडा

मराठी दस्तऐवजांत पावलोपावलीं येणारा ‘व’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेनें तो महाराष्ट्रांत आला. बीड जिल्ह्यांतील केज १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथील दप्तराची भाषा आधीं फारसी, मग उर्दू. तेव्हां केजकरांस हा ‘व’ नवा नव्हे. परंतु ह्याच अक्षराच्या अर्थावरून केजचा मुसलमान व कोकणचा मुसलमान यांच्या धर्माचारांत भेद पडतो, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

मराठवाड्यांतील मुसलमान बहुशः हनफी. १३२७ मध्यें महंमद तुघलखानें देवगिरीस राजधानी आणली; त्या दिल्लीकर सत्तेबरोबर हें मत दख्खनेंत रुजलें. कोकणांत अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून शाफई मत उतरलें. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे त्याच मताचे पंडित.

नमाजापूर्वीं वजू करावयाचा. कुराणांत तोंड, हात, डोकें, पाय हीं अंगें ‘व’नें जोडलेलीं आहेत. हनफी म्हणतात, ‘व’ केवळ एकत्र आणतो, क्रम सांगत नाहीं. क्रमासाठीं अरबींत ‘फ’ व ‘सुम्म’ हे वेगळे शब्द आहेत. म्हणून आधीं पाय धुतले तरी वजू होतो, उत्तम मात्र होत नाहीं. शाफईंच्या मतें तो होतच नाहीं. त्यांचा आधार चतुर आहे: धुवावयाच्या अंगांमध्येंच पुसावयाचें डोकें घातलें, तें क्रम अभिप्रेत असल्यावांचून कां? जकातीचे आठ अधिकारीही असेच जोडलेले. हनफी एकालाच सर्व देऊं शकतो, शाफईनें उपलब्ध अशा सर्व वर्गांना वांटावें.

हा वाद पाण्यापुरता राहिला असता तर ठीक. पण ज्या वधूशीं अद्याप सहवास झालेला नाहीं तिला नवरा म्हणाला, ‘तूं त्या घरांत गेलीस तर तुला तलाक व तलाक व तलाक’, आणि ती गेली, तर? इमाम अबू हनीफा (मृत्यु ७६७) म्हणतात, एकच. कारण दुसरा तलाक पहिल्याच्या आडून अटीस लटकतो, आणि पहिल्यानेंच नातें तुटल्यामुळें पुढच्यांना जागा उरत नाहीं. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ व महंमद म्हणतात, तिन्ही अटीस एकदमच बांधलेले, म्हणून तिन्ही पडतात. एक पडला तर नव्या निकाहानें तोच संसार मांडतां येतो. तीन पडले तर तिचें दुसऱ्याशीं लग्न होऊन, नांदून, तें सुटल्यावांचून परतीची वाट नाहीं. गुरुशिष्यांत एवढें अंतर एका अक्षरानें पाडलें.

भारतांत एका दमांतला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्यानें रद्दबातल ठरला. मदरशांतून ‘उसूलुश्शाशी’ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘व’ आणि ‘फ’ यांचा हा भेद मात्र अजूनही घोकावा लागतो.