हायड्रोजनीकरण, निकेल-उत्प्रेरित
सूक्ष्म विभाजित निकेलाच्या सान्निध्यात असंतृप्त कार्बनी संयुगांना हायड्रोजन जोडण्याची प्रक्रिया (पहा : उत्प्रेरण, निकेल).

फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबात्ये व झां-बातीस्त सांद्रांस यांनी १८९७ मध्ये एथिलीन व हायड्रोजन तापवलेल्या निकेलावरून नेऊन एथेन मिळविले. या कार्यासाठी साबात्ये यांना १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रीन्यार यांच्यासमवेत विभागून मिळाले. द्रव तेलांसाठी ही पद्धत जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी वापरात आणली.

हायड्रोजनाचा रेणू निकेलाच्या पृष्ठभागावर अधिशोषित होताना दोन अणूंत विभागतो. तेथेच चिकटलेल्या दुहेरी बंधाला हे अणू एकामागून एक, बहुधा एकाच बाजूने, जोडले जातात. म्हणून निकेलाच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ निर्णायक ठरते. मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवून सच्छिद्र ‘रेनी निकेल’ तयार केले. कोरडे होताच ते हवेत पेट घेते. त्यामुळे ते पाण्याखाली ठेवतात. गंधकयुक्त संयुगे या उत्प्रेरकाला निष्क्रिय करतात. पॅलॅडियम व प्लॅटिनम यांपेक्षा निकेल बरेच स्वस्त आहे, मात्र त्याला सहसा अधिक तापमान व दाब लागतो.

बेंझिनापासून सायक्लोहेक्झेन, ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल आणि तेलांपासून वनस्पती तूप ही प्रमुख उत्पादने होत (पहा : नायलॉन, वनस्पती तूप). तेलांच्या अपूर्ण हायड्रोजनीकरणात आरोग्यास घातक ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. भारतात खाद्यतेले व मेदांतील त्यांची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे.